संग्रहालयाचं संकेतस्थळ : पान आणि नोंद

आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल, की तत्त्वज्ञानाच्या मास्तराचा संगणकाशी काय संबंध? संबंध आहे. संग्रहालयाचं संकेतस्थळ कोणत्या आशय व्यवस्थापन प्रणालीवर, म्हणजे आपण ज्याला ‘सीएमएस’ म्हणतो तिच्यावर, उभं करायचं, हा प्रश्न वरवर तांत्रिक दिसतो. त्याच्या पोटात मात्र एक जुना प्रश्न दडलेला आहे : वस्तूविषयी आपल्याला जे माहीत आहे, ते कशाच्या आधारावर?

सुरुवात एका भेदापासून करू. अशा संकेतस्थळावर दोन प्रकारचा मजकूर असतो. एक म्हणजे ‘पान’ : वेळा, तिकिटाचे दर, नव्या प्रदर्शनाची बातमी. दुसरी ‘नोंद’ : एका वस्तूची, तिच्या क्रमांकासह. पान शिळं झालं की बदलायचं. नोंद मात्र वर्षानुवर्षं वाढत जाते, आणि ती हरवली तर वस्तू कपाटात असूनही मुकी होते.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले अडकित्ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. तसा एखादा अडकित्ता डोळ्यांपुढे आणा. वैशेषिकांच्या भाषेत तो द्रव्य. रंग आणि आकारमान हे त्याच्या आश्रयाने राहणारे गुण. धातू, लांबी, कारागिरी, कुठून मिळाला, या प्रत्येकाला नोंदीत स्वतंत्र रकाना हवा. सगळं एका परिच्छेदात कोंबलं तर माणूस वाचेल. पण ‘पितळी’, ‘पितळेचा’, ‘पितळेच्या मुठीचा’ यांतलं नातं यंत्राला आपोआप कळत नाही.

आता साधनांकडे येऊ. वर्डप्रेस २००३ मध्ये आलं ते अनुदिनी लिहिणाऱ्यांसाठी. त्यामुळे ‘पान’ त्याला उत्तम जमतं, आणि ते सांभाळणारी माणसं सहज मिळतात. पण त्याची मूळ तारीख ही मजकूर प्रसिद्ध झाल्याची तारीख! जास्तीचे रकाने जोडले नाहीत, तर जुना अडकित्ता गेल्या मंगळवारचा ठरतो. ओमेका २००८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहास केंद्रातून आलं, ते संग्रहांसाठीच. त्यात डब्लिन कोअर हा वर्णनाचा नमुना तयार मिळतो. त्याची सुरुवात १९९५ च्या बैठकीतून झाली. हे डब्लिन आयर्लंडचं नव्हे, ओहायोतलं. शीर्षक, कर्ता, विषय, तारीख असे त्याचे मूळ १५ घटक. ‘ओमेका एस’ या आवृत्तीत तर एकाच रकान्यात मराठी आणि इंग्रजी मजकूर आपापल्या भाषेच्या खुणेसह ठेवता येतो. द्रुपल हवं तसं घडवता येतं, पण घडवणारा माणूस कायम हाताशी लागतो. आपल्याकडे पुण्याच्या सी-डॅकने संग्रहालयांसाठी ‘जतन’ ही प्रणाली केली आहे. ‘म्युझियम्स ऑफ इंडिया’ हे राष्ट्रीय दालन तिच्यावर उभं आहे.

मग निवडायचं कसं? माझ्या मते कसोटी एकच : ही प्रणाली आपल्याला खोटं बोलायला लावते का? तारखेच्या रकान्यात दिवस-महिना-वर्ष भरल्याशिवाय पुढे जाता येत नसेल, तर बिचारा अभिरक्षक काय करेल? ‘अंदाजे १८ वं शतक’ लिहायला जागा नाही म्हणून १ जानेवारी १७५० टाकून मोकळा होईल. दहा वर्षांनी कुणी विद्यार्थी ती तारीख प्रबंधात उतरवेल. नैयायिक विचारतील, प्रमाण कोणतं? शैलीवरून केलेलं अनुमान, की देणगीदाराचा शब्द? वस्तूवर कोरलेलं साल असेल तर गोष्टच वेगळी. म्हणून तारखेशेजारी ‘आधार’ असा एक रकाना मागून घ्या. तो देता येत नसेल, तर ती प्रणाली कितीही देखणी असो, नको.

दुसरी गोष्ट, बाहेर पडायची वाट. द्रुपलची ७ वी आवृत्ती जानेवारी २०११ मध्ये आली आणि जानेवारी २०२५ मध्ये तिचा अधिकृत आधार थांबला. १४ वर्षं! संगणकाच्या जगात हे दीर्घायुष्य, पण संग्रहालयाच्या हिशेबात एका अभिरक्षकाची अर्धी नोकरी. तेव्हा सगळ्या नोंदी साध्या तक्त्याच्या रूपात बाहेर काढता येतात का, हे आत शिरतानाच बघायचं. मूळ छायाचित्रं संकेतस्थळावर अवलंबून न ठेवता वेगळी जपायची.

आणि मुक्त प्रणाली म्हणजे फुकट, असं समजू नका. परवान्याला पैसे पडत नाहीत. सर्व्हर, सुरक्षेच्या सुधारणा आणि माणूस यांना पडतात. फक्त ‘पानं’ हवी असतील तर वर्डप्रेस पुरे. शेकडो नोंदी असतील आणि मनुष्यबळ थोडं, तर ओमेकासारखं साधन बघा.

करार करण्याआधी एवढं करा. संग्रहातल्या सर्वांत अवघड २० वस्तू काढा : काळ अनिश्चित असलेल्या, दोन नावं असलेल्या, जोडीतली एकच उरलेली. पुढे जो माणूस हे काम रोज करणार आहे, त्यालाच त्या भरायला सांगा. मग सगळं बाहेर काढून बघा, मराठी अक्षरं शाबूत आहेत का, काही गळलं का. विक्रेत्याच्या तासाभराच्या सादरीकरणापेक्षा हे दोन दिवस अधिक शिकवतील.

थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.