बार्ट दहा वर्षांचा, पण जन्म कधीचा? सरकत्या काळाचा हिशेब

(या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी भाषा तशीच.)

आजचा प्रश्न वरवर पोरकट आहे: 'द सिम्पसन्स'मधला बार्ट नेमका कधी जन्मला? मालिका डिसेंबर १९८९ पासून चालू आहे आणि बार्ट अजूनही दहा वर्षांचाच आहे. लिसा आठ, मॅगी एक. "कार्टून आहे रे, सोडून दे," असं कुणीही म्हणेल. पण सोडून न देता हिशेब केला तर मजा येते. शिवाय हाच हिशेब आपल्या चिंटूलाही लागू पडतो.

आधी सरळ आकडेमोड

१९९१ च्या सुरुवातीला 'द वे वी वॉज' हा भाग आला. होमर आणि मार्ज शाळेच्या शेवटच्या वर्षात भेटले, आणि साल स्पष्ट सांगितलंय: १९७४. होमर तेव्हा अठराचा धरला तर जन्म १९५६ च्या आसपास. त्याच वर्षी डिसेंबरात 'आय मॅरीड मार्ज' आला. त्यात 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' थिएटरात लागलाय, म्हणजे १९८०, आणि बार्टची चाहूल लागते ती त्या सुमारास. म्हणजे जन्म साधारण १९८१. पुढच्या वर्षीच्या 'लिसाज् फर्स्ट वर्ड'मध्ये लिसाचा जन्म १९८४ च्या ऑलिम्पिकच्या वेळचा दाखवलाय.

आता ताळा करू. लिसाचा भाग डिसेंबर १९९२ चा. १९९२ वजा १९८४, आठ. लिसा बरोबर बसली. पण १९९२ वजा १९८१ म्हणजे अकरा, आणि बार्ट तर दहाचाच. पहिला तडा इथे गेला. एका वर्षाचाच फरक, कुणाच्या डोळ्यावर येत नाही. पण मालिका जितकी वर्षं चालेल तितका तो वाढत जाणार.

गडबड कुठे आहे?

डेटाबेस शिकताना पहिल्याच आठवड्यात एक नियम सांगतात: वय साठवू नका, जन्मतारीख साठवा. वय दरवर्षी बदलतं, जन्मतारीख बदलत नाही. वय हवं तेव्हा काढता येतं.

सिम्पसन्समध्ये बरोबर उलटं केलंय. वय साठवलंय, बार्ट = १०. त्यामुळे जन्मतारीख दरवर्षी नव्याने काढावी लागते. याला फ्लोटिंग टाइमलाइन म्हणतात, आपण 'सरकता काळ' म्हणू. अशा जगात साल धरून बसायचं नाही, दोन घटनांमधलं अंतर धरायचं. १९९१ वजा १९७४ म्हणजे १७. तेव्हा सूत्र असं: होमर-मार्जची भेट = आज वजा १७.

हे सूत्र २००८ ला लावून बघा. उत्तर येतं १९९१. आणि खरंच, जानेवारी २००८ मध्ये 'दॅट नाइन्टीज शो' नावाचा भाग आला. त्यात होमर-मार्जचे लग्नाआधीचे दिवस उचलून थेट नव्वदच्या दशकात ठेवले. मार्ज कॉलेजात, होमर ग्रंज बँडमध्ये. जुने चाहते जाम चिडले. पण गणिताच्या बाजूने बघितलं तर लेखकांनी फक्त सूत्र चालवलं होतं.

मग चिडण्यासारखं काय होतं? तर १९७४ ही नुसती तारीख नव्हती. त्या काळची गाणी, कपडे, एका अख्ख्या पिढीचं तरुणपण त्या भागात होतं. सूत्र बरोबर आलं, पण ती गोष्ट पुसली गेली. हिशेब जुळवायला कुणाची तरी आठवण खर्ची पडते, हे मला यातलं सगळ्यात खरं दुखणं वाटतं.

न सरकणारे खुंटे

काही गोष्टी सरकवताच येत नाहीत. होमरचे वडील एब दुसऱ्या महायुद्धात लढलेत. महायुद्ध संपलं १९४५ ला, ते पुढे ढकलता येत नाही. एब तेव्हा वीसचे धरू, म्हणजे जन्म १९२५. मूळ हिशेबात होमर जन्मला तेव्हा ते ३१ चे होते. ठीक. आता २०२५ साल धरा: होमर ३५, जन्म १९९०. म्हणजे एबना मुलगा झाला पासष्टाव्या वर्षी! मुख्याध्यापक स्किनर यांच्या व्हिएतनाम युद्धाचंही तेच. खुंटा जागेवर, दावं ताणलं जातंय.

आणि अजून एक बघा. १९९० ला जन्मलेला होमर म्हणजे मालिका सुरू झाली तेव्हा हा माणूस जन्मलाच नव्हता.

आता चिंटू

चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू 'सकाळ'मध्ये सुरू झाला १९९१ मध्ये. आपल्या नाशकात त्याच वर्षी सिंहस्थ होता. त्यानंतर २००३ झाला, २०१५ झाला, आता पुढचा आलाय. इतक्या सिंहस्थांत पोरगं प्राथमिक शाळेच्या पुढे सरकलं नाही.

पण चिंटूत सिम्पसन्ससारखी भांडणं होत नाहीत. कारण त्यात दिवाळी येते, पाऊस येतो, परीक्षा येते, उन्हाळ्याची सुट्टी येते, पण साल येत नाही. पंचांगाच्या भाषेत, तिथी आहे, शक नाही. तीन-चार चौकटींत आजचा प्रसंग संपतो, 'बाबा अमुक साली कॉलेजात होते' असं सांगायची गरजच पडत नाही. तारीख हार्डकोड केली नाही, म्हणून बग नाही.

अडचण येते ती माणूस आला की. २०१२ मध्ये चिंटूवर सिनेमा आला, २०१३ मध्ये दुसरा. पडद्यावरचा मुलगा खराखुरा, तो वाढणारच. गोकुळधाममध्ये तेच झालं. 'तारक मेहता' जुलै २००८ ला सुरू झाली, टपू शाळेतला होता. कलाकार मोठा झाला, मग टपूलाही कॉलेजात पाठवावं लागलं. त्याच सोसायटीत पोपटलालचं लग्न मात्र वर्षानुवर्षं जमत नाही. एकाच आवारात दोन घड्याळं!

शेवटचा हिशेब

चिंटूच्या बाबांना पस्तिशीचे धरा. १९९१ मध्ये त्यांचा जन्म पडतो १९५६ च्या आसपास. असे बाबा "आमच्या वेळी" म्हणाले तर त्यात रेडिओ, रॉकेलची रांग, घरात फोन नसणं. २०२५ मध्ये तेच बाबा १९९० चे. त्यांच्या "आमच्या वेळी"त केबल टीव्ही, सायबर कॅफे आणि सकाळी पेपर आला की आधी उघडायचं ते चिंटूचं पान. म्हणजे आजचे चिंटूचे बाबा हे लहानपणी चिंटू वाचणारं पोरगं आहे.

त्यामुळे कुठल्याही लांबलेल्या मालिकेची कालरेषा काढायची असेल तर तीन कामं करा. सांगितलेली सालं आणि सांगितलेली वयं वेगवेगळी लिहा. सालांपेक्षा अंतरांवर भरवसा ठेवा. आणि युद्धासारखे न सरकणारे खुंटे शोधा, विसंगती तिथेच सापडेल. सगळं जुळवायचा हट्ट मात्र नको. तुम्हाला होमर १९७४ चा खरा वाटतो की नव्वदचा, यावरून होमरचं वय कळत नाही, तुमचं कळतं.

पुढच्या भागापर्यंत एक गृहपाठ: गोकुळधाममधली दोन घड्याळं कुठे कुठे एकमेकांना धडकतात ते शोधा आणि कळवा. भेटू!