‘नाही’ आणि ‘दिसलं नाही’: डॉक्टरांच्या तंत्रेतर कौशल्यांची परीक्षा

मागच्या व्याख्यानात आपण माहिती असणं आणि करता येणं यांतला फरक पाहिला. शेवटी एका श्रोत्यांनी विचारलं होतं की, करता येणं हे जर कृतीतच असतं, तर होऊ घातलेल्या डॉक्टरच्या अंगी ते आहे की नाही हे परीक्षकाने ओळखायचं कसं? प्रश्न मोठा होता, म्हणून आज त्यालाच वेळ देऊ.

टाके घालणं, शिरेत सुई लावणं, ही हाताची कौशल्यं झाली. ती पाहता येतात आणि त्यांना गुणही देता येतात. पण गडबडीच्या क्षणी भोवती काय चाललंय याचं भान ठेवणं, निर्णय घेणं, कामं वाटून देणं, दुसऱ्याचं ऐकणं आणि वेळेवर तोंड उघडणं, हीही कौशल्यंच आहेत. यांना तंत्रेतर कौशल्यं म्हणतात. ‘तंत्रेतर’ म्हटलं की ती दुय्यम वाटतात, पण तसं नाही. का नाही, ते एका घटनेवरून पाहू.

२९ मार्च २००५. इंग्लंडमध्ये इलेन ब्रोमिली नावाची ३७ वर्षांची, दोन मुलांची आई सायनसच्या साध्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झाली. भूल दिल्यावर तिचा श्वासमार्ग मोकळा ठेवता येईना. नळी घालता येईना आणि मास्कने प्राणवायूही नीट पोचेना. अशा वेळी काय करायचं हे वैद्यकात ठरलेलं आहे: नळी घालण्याचा हट्ट सोडायचा आणि गळ्याला छेद देऊन श्वासाची वाट करायची. खोलीत अनुभवी भूलतज्ज्ञ होते. मदतीला दुसरे भूलतज्ज्ञ आले, कान-नाक-घशाचे शल्यविशारदही होते. तिघेही नळी घालण्याच्याच प्रयत्नात गुंतून राहिले आणि वेळेचं भान सुटलं. एका परिचारिकेने गळ्याला छेद देण्याचा संच आणून ठेवला आणि तो तयार असल्याचं सांगितलं. दुसरीने अतिदक्षता विभागात खाट राखून ठेवली, पण डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून आपण उगाच घाई केली असं वाटून तिने ती रद्द केली. इलेन शुद्धीवर आलीच नाही. १३ दिवसांनी ती गेली.

तिचे पती मार्टिन ब्रोमिली हे वैमानिक. त्यांनी कोणाला शिक्षा व्हावी अशी मागणी केली नाही. चौकशी व्हावी आणि त्यातून इतरांनी शिकावं, एवढंच ते म्हणत राहिले. हा आग्रह त्यांच्या व्यवसायातून आलेला होता. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरीफच्या विमानतळावर धुक्यात दोन जम्बो विमानं धावपट्टीवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. उड्डाण घेणाऱ्या विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली होती की समोरचं विमान अजून धावपट्टीवर आहे. त्याने ती बोलूनही दाखवली. कॅप्टनने ती उडवून लावली, आणि इंजिनिअर पुन्हा बोलला नाही. त्यानंतरच्या वर्षांत विमान कंपन्यांनी वैमानिकांना उड्डाणाबरोबर बोलण्या-ऐकण्याचंही शिक्षण द्यायला सुरुवात केली आणि तेही सिम्युलेटरमध्ये. पुढे अमेरिकेत स्टॅनफर्डच्या डेव्हिड गाबा या भूलतज्ज्ञांनी ही पद्धत शस्त्रक्रियागृहात आणली. स्कॉटलंडमध्ये ॲबरडीन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ आणि भूलतज्ज्ञ यांनी मिळून भूलतज्ज्ञांसाठी ‘अँट्स’ नावाची मोजपट्टी तयार केली. तिच्यात चार गट आहेत: कामाची आखणी, संघात काम, परिस्थितीचं भान आणि निर्णय. त्यांत मिळून पंधरा घटक, आणि प्रत्येकाला उत्तमपासून निकृष्टपर्यंत चार श्रेणी. आणि एक पाचवा पर्याय आहे: ‘दिसलं नाही’. हा पाचवा रकाना लक्षात ठेवा, आपल्याला त्याच्याकडे परत यायचं आहे.

आता सिम्युलेशनची खोली कशी असते? खाटेवर श्वास घेणारा, नाडी लागणारा पुतळा असतो. बाजूला मॉनिटर. काचेपलीकडून शिक्षक त्यावरचे आकडे बदलतात. रक्तातला प्राणवायू उतरू लागला की यंत्राचा ‘टिक्‌ टिक्‌’ आवाज हळूहळू खालच्या पट्टीत जातो. संगीत ऐकणाऱ्यांना कल्पना येईल, तो उतरणारा स्वर किती अस्वस्थ करतो. ‘पुतळाच तर आहे’ हे ठाऊक असूनही विद्यार्थ्यांचे हात थरथरतात. परिचारिकेची भूमिका बहुधा शिकवून तयार केलेली व्यक्ती करते आणि तिला सूचना असते की योग्य क्षणी हळू आवाजात एक इशारा द्यायचा. विद्यार्थ्याला तो ऐकू येतो का, हे पाहायचं असतं.

बारीकसारीक गोष्टी पाहतात, बरं का. समजा, औषधाची तीव्र ॲलर्जी होऊन रुग्ण कोसळला. विद्यार्थी हवेत म्हणाला, ‘ॲड्रिनलिन द्या.’ कोणी द्यायचं? चार माणसं एकमेकांकडे बघतात. त्याऐवजी एकीच्या डोळ्यांत बघून ‘सिस्टर, ॲड्रिनलिन अर्धा मिलिग्रॅम, मांडीच्या स्नायूत द्या आणि दिलं की मला सांगा’ असं म्हटलं, आणि पलीकडून ‘अर्धा मिलिग्रॅम दिलं’ असं परत आलं, की वर्तुळ पूर्ण झालं. हे दिसतं, ऐकू येतं, गुण देता येतात.

पण ‘परिस्थितीचं भान’ कसं दिसणार? ते तर मनात आहे. इथे आपल्या परंपरेतली एक जुनी चर्चा उपयोगी पडते. जमिनीवर घडा नाही हे मला कसं कळतं? कुमारिलभट्टांचे अनुयायी मीमांसक आणि अद्वैती म्हणाले, ‘अनुपलब्धी’ने, म्हणजे न दिसण्यानेच. मात्र त्यांनी एक अट घातली. ती वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. उजेडात घडा दिसला नाही तर घडा नाही. अंधाऱ्या खोलीत दिसला नाही, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. याला योग्यानुपलब्धी म्हणतात. ‘अँट्स’मधला तो पाचवा रकाना नेमकी हीच सावधगिरी बाळगतो: प्रसंगात जी गोष्ट दिसण्याची संधीच नव्हती, ती विद्यार्थ्यात नाही असं लिहू नका.

आम्ही स्वतः या अटीला चुकलो आहोत. नीतिशास्त्राचे पाहुणे म्हणून एका वैद्यकीय महाविद्यालयात अशा मूल्यमापनाला बसलो होतो. प्रसंग असा: वरिष्ठ डॉक्टर, म्हणजे ती भूमिका करणारे शिक्षक, पेनिसिलिन गटातलं प्रतिजैविक द्यायला सांगतात, आणि रुग्णाच्या कागदावर पेनिसिलिनची ॲलर्जी लिहिलेली असते. एक विद्यार्थिनी गप्प होती. तिने कुपी घेतली, लेबल वाचलं, सिरिंज उघडली, ती हातातून पडली, दुसरी मागितली. वेळ संपली. आम्ही खूण केली: परिस्थितीचं भान, निकृष्ट.

नंतर डीब्रीफिंग झालं, म्हणजे सगळ्यांनी बसून त्या दहा मिनिटांची उजळणी केली. शिक्षिकेने तिला ‘का चुकलीस’ असं विचारलं नाही. ‘सिरिंज पडली तेव्हा तुझ्या मनात काय चाललं होतं?’ असं विचारलं. ती म्हणाली, ॲलर्जी तिने पहिल्याच मिनिटात वाचली होती. सिरिंज मुद्दाम पाडली होती. तेवढ्या वेळात सरांचं कागदाकडे लक्ष जाईल, अशी आशा होती. ‘सगळ्यांसमोर सरांना कसं सांगायचं, मॅडम?’

म्हणजे भान होतं, उत्तम होतं. नव्हता तो आवाज. आणि हे दोन वेगळे दोष आहेत, त्यांचे उपायही वेगळे. तिला आणखी चार वेळा कागद वाचायला शिकवून काय होणार? तिला वाक्य हवं होतं: ‘सर, थांबा, यांना पेनिसिलिनची ॲलर्जी आहे.’ आणि ‘सरां’ना तिथे थांबण्याची सवय हवी होती. इंग्लंडमधल्या त्या दोन परिचारिका आठवा. त्यांनाही कळलं होतं.

मग मनातलं दिसण्याजोगं करायचं कसं? एक वाट विमानविद्येतूनच आली आहे. मिका एंड्स्ले या संशोधक बाईंनी बसवलेली. प्रसंग मध्येच गोठवायचा, पडदे झाकायचे आणि विचारायचं: आत्ता प्राणवायू किती आहे? शेवटचं औषध कोणी दिलं? पुढच्या दोन मिनिटांत काय होईल असं वाटतं? ही खोलीत दिवा लावण्याची युक्ती आहे. तिचा तोटा म्हणजे प्रसंगाची लय तुटते. दुसरी वाट डीब्रीफिंगनंतर गुण देण्याची. तिथेही पेच आहेच. आपल्या बोलण्याला गुण आहेत हे कळलं की विद्यार्थी मनातलं न सांगता परीक्षकाला आवडेल ते सांगतो. म्हणून बरेच शिक्षक शिकण्याची सत्रं आणि परीक्षेची सत्रं वेगळी ठेवतात. आम्हाला ते पटतं. शिवाय एका प्रसंगावर निकाल देऊ नये, आणि परीक्षक दोन तरी असावेत.

आपल्याकडे २०१९पासून एमबीबीएसला क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला आणि त्यासोबत ‘एटकॉम’, म्हणजे वृत्ती, नीती आणि संवाद यांचं शिक्षण. स्वागतच आहे. फक्त एक धोका दिसतो. रकाने आले की मुलं रकान्यांसाठी बोलू लागतात. ‘मला तुमचं दुःख समजतं’ हे वाक्य पुतळ्याकडे बघून, घड्याळाकडे लक्ष ठेवून म्हणणारे आम्ही पाहिले आहेत. त्यांना पूर्ण गुण होते.

त्या मुलीचं पुढे काय झालं, असं आपण विचाराल. आम्ही आमची खूण बदलायला मागितली. तक्ता गोळा झाला होता. आणि त्या तक्त्यात चारच रकाने होते, पाचवा नव्हता.

आता आपले प्रश्न घेऊ.