काम घरी आले, पण घर कोणाचे?

'घरून काम' हा शब्दप्रयोग 2020 च्या मार्चमध्ये, टाळेबंदीबरोबर, आपल्याकडे रूढ झाला. तेव्हापासून त्यावर पुष्कळ लिहिले गेले. लिहिणाऱ्यांनी कामाचा विचार केला. घराचा विचार करावा असे त्यांना वाटले नाही, कारण घर त्यांच्याजवळ होतेच. मी इंदापूर तालुक्यातील एका वस्तीत वाढलो, आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो आणि आज महाविद्यालयात शिकवतो. माझा धाकटा भाऊ पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. त्याच्या निमित्ताने हा प्रश्न आमच्या पत्र्याच्या दोन खोल्यांत येऊन बसला, म्हणून त्याची मांडणी येथे करीत आहे.

प्रथम यातला व्यवहार समजून घेऊ. प्रवास, पगार आणि घराची किंमत या तीन वेगळ्या गोष्टी दिसतात. वस्तुतः ते एकाच दोरीचे तीन पदर आहेत. विटा, सिमेंट आणि गवंड्याची मजुरी इंदापुरात एक आणि हिंजवडीत अगदीच दुसरी, असे नसते. तरीही तेवढ्याच खोल्यांची किंमत कित्येक पटींनी वेगळी असते. हा फरक जागेचा, म्हणजे कामाच्या ठिकाणाशी असलेल्या जवळिकीचा असतो. जो जवळ राहतो तो भाडे अधिक देतो. जो दूर राहतो तो वेळ आणि तिकीट देतो. पगाराचा एक हिस्सा घरमालकाकडे तरी जातो किंवा रस्त्यावर तरी सांडतो.

सरकारलाही हे मान्य आहे. सातव्या वेतन आयोगानंतर, 2017 मध्ये, केंद्रीय कर्मचाऱ्यांचा घरभाडे भत्ता महानगरांत मूळ वेतनाच्या 24 टक्के, मधल्या शहरांत 16 टक्के आणि इतरत्र 8 टक्के असा ठरला. पुणे पहिल्या वर्गात, इंदापूर तिसऱ्या. आपल्या राज्यात किमान वेतनाचे दरही परिमंडळाप्रमाणे बदलतात. म्हणजे वेतन केवळ श्रमाचे नसते, ते पत्त्याचेही असते.

आता काम जर तारेवरून घरी येऊ लागले तर ही दोरी सैल पडली पाहिजे. शहरातली घरे उतरावीत, लांबच्या गावांतली चढावीत आणि कामगाराचा प्रवास वाचतो म्हणून मालकाने पगारातही हात घालावा, असे तर्क सांगतो. प्रत्यक्षात काय घडले? अमेरिकेतील मोठ्या शहरांविषयी अर्जुन रामाणी व निकोलस ब्लूम यांनी 2021 मध्ये दाखवून दिले की घरांची मागणी शहराच्या मध्यातून उठली, पण ती मुख्यतः त्याच शहराच्या कडेला जाऊन बसली. दूरच्या लहान गावांच्या वाट्याला त्यातले थोडेच आले. कारण सरळ आहे. आठवड्यातून दोन-तीन दिवस कचेरीत जायचे असेल तर माणूस तासाभराच्या अंतरावर राहील, चार तासांच्या नाही. पगाराविषयीचा तर्क मात्र लवकर खरा ठरला. स्वस्त गावी राहायला जाणाऱ्याचा पगार त्या गावाप्रमाणे ठरेल, असे फेसबुकने मे 2020 मध्येच जाहीर केले.

आपल्याकडे सप्टेंबर 2020 पासून राज्य सरकारने मुद्रांक शुल्क 5 टक्क्यांवरून 2 टक्क्यांवर आणले. ज्यांचा पगार चालू होता आणि गाठीला पैसा होता त्यांनी या सवलतीत घरे घेतली. कामासाठी एक खोली जादा असावी ही नवी गरज त्यात होतीच. कचेरीची जागा, खुर्ची, वीज हा मालकाचा खर्च अशा रीतीने कामगाराच्या घरात सरकला. ज्याला जादा खोली परवडली त्याला हे कळलेही नाही.

माझ्या भावाला कळले. 2020 पूर्वी तो हडपसरला एका खोलीत तिघांबरोबर राहत असे आणि हिंजवडीला कामाला जात असे. रोजचे तीन तास रस्त्यावर जात. मी त्याला विचारले होते, जवळ का राहत नाहीस? तो म्हणाला, "दादा, खोली मिळते. आडनाव सांगितलं की गेलेली असते." हा त्याच्या एकट्याचा अनुभव नाही. सुखदेव थोरात व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातील भाड्याच्या घरांची पाहणी करून दलित व मुस्लिम भाडेकरूंना नकार कसा मिळतो, हे 2015 मध्ये मांडले आहे. अर्थशास्त्री ज्याला प्रवासखर्च म्हणतो त्यातला काही भाग आमच्या बाबतीत जातीचा खर्च असतो. तो कोणत्याही भत्त्यात धरलेला नसतो.

टाळेबंदीत तो सुमारे 135 किलोमीटर पार करून घरी आला. खोलीचे भाडे वाचले, रोजचे तीन तास वाचले. हा लाभ खरा होता. तो नाकारण्यात अर्थ नाही. आईच्या हातचे जेवण तो कित्येक वर्षांनी सलग जेवला. पण काम कुठे बसून करायचे? 2017-18 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागातील 4.4 टक्के घरांत संगणक आणि 14.9 टक्के घरांत इंटरनेटची सोय आढळली होती. आमच्या वस्तीत नेटवर्क विहाराच्या ओट्यावर यायचे. तो तिथे बसू लागला. बैठकीच्या वेळी तो कॅमेरा बंद ठेवी, मागचा पत्रा दिसू नये म्हणून. चेहरा झाकता येत होता. पडद्यावर खाली नाव मात्र आडनावासकट उमटत होते.

त्याच सकाळी सहाला आई डाळिंबाच्या बागेत खुरपायला टेम्पोत उभी राहून जात असे. डिंगेल व नीमन या अभ्यासकांनी 2020 मध्ये काढलेल्या अंदाजाप्रमाणे अमेरिकेतही 37 टक्केच कामे घरून करता येण्याजोगी होती. गरीब देशांत हे प्रमाण त्याहून कमी. ऊसतोड, खुरपणी, धुणीभांडी, गटारसफाई ही कामे तारेवरून येत नाहीत. त्यांना देह न्यावाच लागतो.

वाचलेल्या भाड्यातून स्लॅब टाकू, असे भावाने ठरवले. कर्जासाठी बँकेने जागेचा उतारा मागितला. आमची वस्ती गायरानावर आहे. उतारा कुठून आणणार? हमरस्त्याकडेला ज्यांची शेती होती त्यांनी प्लॉट पाडले. जमिनीची किंमत वाढते तेव्हा ती ज्याच्या नावावर सातबारा असतो त्याची वाढते. भावाचा पगार पुण्यात घर होऊ शकला नाही, कारण तिथे जागा महाग. इथेही होऊ शकला नाही, कारण इथे जागा आमची नाही. 2022 मध्ये त्याने दुसऱ्या एका कंपनीत मुलाखत दिली. गावी राहून काम करणार असाल तर गावाप्रमाणे पगार, असे उत्तर मिळाले.

आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. घर आणि काम यांच्यात अंतर नसणे ही आमच्या पूर्वजांना नवलाई नव्हती. महारकीचे वतन म्हणजे दुसरे काय होते? हाक आली की रात्री-अपरात्री उठून जायचे. कामाला वेळ नाही, मोबदल्याला माप नाही. बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनदुरुस्तीचे विधेयक मांडले ते ही वेठ मोडण्यासाठी, आणि कनिष्ठ वतने कायद्याने संपायला 1958 उजाडावे लागले. रात्री अकरा वाजता भावाचा फोन वाजे आणि तो ताटावरून उठे, तेव्हा आबा माझ्याकडे बघत. ते काही बोलत नसत. वतन आणि नोकरी यांत फरक आहे, नोकरी सोडता येते, हे मला ठाऊक आहे. परंतु ज्या कामाला घंटा नाही, त्याच्याकडे आपण सावधपणे पाहिले पाहिजे.

2023 मध्ये मोठ्या कंपन्यांनी माणसे परत बोलावली. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने ऑक्टोबरपासून आठवड्याचे पाचही दिवस कचेरीत येण्यास सांगितले. भावालाही त्याच्या कंपनीचा निरोप आला. आम्ही त्याला इंदापूरच्या स्टँडवर सोडायला गेलो. आबांनी विचारले, "काम घरी येतं म्हणत होतास, मग चाललास कशाला?" हडपसरच्या त्याच खोलीचे भाडे आता वाढले होते.

खेडे सोडा, शहरात जा, असे बाबासाहेब सांगत. घरून काम हे त्या वाटेला पर्याय नाही, आणि त्या वाटेचा शत्रूही नाही. ते कोणाच्या उपयोगी पडेल हे घर कोणाच्या नावावर आहे यावर ठरते. म्हणून आपल्या मागण्या साध्या असाव्यात. वस्तीखालची जागा वस्तीच्या नावावर व्हावी. पगार कामाचा मिळावा, पत्त्याचा नव्हे. कामाचे तास घरातही मोजले जावेत. आणि पहिली गोष्ट आपली आपण करण्याजोगी आहे: विहारात चार टेबले, चार खुर्च्या, वीज आणि चांगली जोडणी. आमच्या वस्तीत दोन टेबले आली आहेत. संध्याकाळी तिथे दहावीच्या मुली अभ्यासाला बसतात.