डाग पाण्याचे, दोष कोणाचा?

आमच्या सोसायटीत एक तरुण रोज सकाळी गाड्या धुवायला येतो. गेल्या उन्हाळ्यात आमच्या शेजाऱ्यांनी नवी काळी मोटार घेतली. महिन्याभरातच तिच्या बॉनेटवर आणि टपावर पांढरट गोल ठिपके उमटले. फडक्याने पुसले तरी जाईनात. "हा घाण पाणी वापरतो," असे म्हणून शेजाऱ्यांनी त्याचा महिन्याचा पगार अडवून धरला. तो बिचारा बादली घेऊन माझ्याकडे आला. "सर, पाणी आपल्याच बोअरचं आहे. बघा ना, किती स्वच्छ आहे!"

पाणी खरोखरच नितळ होते. मग डाग आले कोठून?

पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डाय-ऑक्साइड शोषून घेते व किंचित आम्लधर्मी बनते. असे पाणी खडकांतून झिरपताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळवून घेते. यालाच तुम्ही दुष्फेन पाणी म्हणता, कारण त्यात साबणाचा फेस नीट होत नाही. विरघळलेले क्षार डोळ्यांना दिसत नाहीत. तेव्हा नितळ पाणी म्हणजे क्षारविरहित पाणी नव्हे, हे आधी लक्षात ठेवा. पिण्याच्या पाण्यासाठी असलेल्या २०१२ च्या भारतीय मानकानुसार एका लिटरमध्ये २०० मिलिग्रॅमपर्यंत दुष्फेनता इष्ट मानली आहे. दुसरी सोय नसेल तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालते.

आता थोडे गणित करू. समजा, पाण्याची दुष्फेनता लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि गाडी धुतल्यावर तिच्यावर २०० मिलिलिटर पाणी राहिले. ते वाळले की मागे १०० मिलिग्रॅम, म्हणजे ०.१ ग्रॅम क्षार उरतील. एका दिवसाचे हे काहीच नाही. पण रोज तसेच वाळू दिले तर महिन्याला ३ ग्रॅम!

हे क्षार पुन्हा पाण्यानेच धुऊन का जात नाहीत? पाण्यात असतो तो कॅल्शियम बायकार्बोनेट. थेंब वाळताना त्यातून कार्बन डाय-ऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट उरतो. हा जवळजवळ अविद्राव्य आहे. एक लिटर शुद्ध पाण्यात तो जेमतेम १५ मिलिग्रॅम विरघळतो. आंघोळीच्या बंबात किंवा गिझरमध्ये जे पांढरे कीटण धरते, तेच येथे रंगावर धरते. उन्हात तापलेल्या पत्र्यावर तर ते रंगावरच्या पारदर्शक लेपाला घट्ट चिकटते आणि कालांतराने त्या लेपाला बारीक खड्डेही पाडू शकते.

डाग वर्तुळाकार का, तेही पाहू. टेबलावर सांडलेल्या चहाचा थेंब वाळला की त्याची कड गडद दिसते. थेंबाची कड पृष्ठभागाला धरून राहते आणि तेथे बाष्पीभवन जलद होते. ती तूट भरून काढण्यासाठी मधले पाणी कडेकडे वाहते व सोबत कण घेऊन जाते. शिकागो विद्यापीठातील रॉबर्ट डीगन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये हे स्पष्टीकरण दिले.

शेजाऱ्यांचा दुसरा तर्क असा, की थेंब भिंगाचे काम करतात आणि उन्हाने रंग जळतो. हा समज फार पसरलेला आहे. अर्धगोल थेंबाची त्रिज्या 'त्रि' धरा. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ घेतला, तर वरून येणारे मधले किरण थेंबाच्या माथ्यापासून सुमारे ४ त्रि अंतरावर एकत्र येतील. पण रंग तर माथ्यापासून फक्त १ त्रि अंतरावर आहे! तेथे प्रकाशाची तीव्रता दुप्पटही होत नाही. तेव्हा भिंगाला दोष देता येणार नाही.

मग मी मोठ्या ऐटीत सल्ला दिला, "गाडीला मेण लावा." अळवावरचे पाणी कसे मोत्यासारखे घरंगळते, ते तुम्ही पाहिले आहे. त्या पानावर मेणाचे अतिसूक्ष्म उंचवटे असतात. मोटारीसाठी ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांपासून मिळणारे कार्नोबा मेण वापरतात. ते ८० अंश सेल्सिअसच्या वर वितळते, म्हणून उन्हातही टिकते. सीलंट म्हणजे कृत्रिम बहुवारिकांचा लेप. मेण काही आठवडे टिकते, तर सीलंट काही महिने. दोन्हींमुळे पाण्याचा स्पर्शकोन ९० अंशांहून मोठा होतो आणि पाणी पसरण्याऐवजी गोळा होते.

शेजाऱ्यांनी मेण लावले. आठवड्याने म्हणाले, "सर, आता तर ठिपके जास्तच ठसठशीत दिसतात!" मी विचार केला आणि माझी चूक उमगली. उतरत्या दारांवरून थेंब घरंगळून गेले होते, पण सपाट बॉनेटवर ते बसून राहिले. मेणाने थेंब आवळला जातो, त्यातले क्षार मात्र तेवढेच राहतात. १० मिलिमीटर व्यासाचा थेंब ५ मिलिमीटरचा झाला, तर क्षेत्रफळ चौथाई होते आणि तेवढ्याच क्षारांचा थर चौपट जाड बसतो.

मग मेण व्यर्थ का? नाही. ठिपका आता रंगावर नव्हे तर मेणावर बसतो, म्हणून तो लवकर निघतो. मेण स्वतः झिजते व रंगाला वाचवते. मात्र डाग टाळण्याचा खरा उपाय एकच, तो म्हणजे पाणी वाळण्यापूर्वी पुसून घेणे. गाडी सकाळी सावलीत, एकेक भाग करून धुवावी आणि लगेच मऊ, कोरड्या फडक्याने टिपावी. शेवटचा हात पावसाच्या किंवा वातानुकूलन यंत्रातून ठिबकणाऱ्या पाण्याने फिरवावा. ते हवेतल्या बाष्पाचे पाणी असल्याने त्यात क्षार जवळजवळ नसतात. याउलट, घरच्या आरओ यंत्रातून वाया जाणाऱ्या पाण्यात क्षार अधिक असतात. ते गाडीसाठी वापरू नये. जुन्या डागांवर व्हिनेगरमध्ये तितकेच पाणी मिसळून गार पत्र्यावर लावावे, लगेच धुवावे आणि पुन्हा मेण लावावे. कार्बोनेट आम्लात विरघळतो. मात्र सिलिकाचे डाग असे जात नाहीत.

हे तुम्ही शाळेत करून पाहा. काचेच्या एका पट्टीच्या अर्ध्या भागावर मेणबत्ती घासा. दोन्ही भागांवर बोअरच्या पाण्याचा एकेक थेंब ठेवा. दुसऱ्या पट्टीवर पावसाच्या पाण्याचा थेंब ठेवा. थेंब वाळल्यावर भिंगातून पाहा. मग ओल्या फडक्याने पुसा आणि कोणता डाग आधी निघतो, ते वहीत नोंदवा.

हाच प्रयोग मी शेजाऱ्यांना करून दाखवला. त्याच संध्याकाळी त्या तरुणाचा पगार चुकता झाला, शिवाय दोन नवी फडकीही मिळाली. दोष त्याच्या हाताचा नव्हता. पाणी गाडीवर तसेच वाळू देण्याची सवय आम्हा सर्वांचीच होती. तुम्हीही कोणाला बोल लावण्यापूर्वी एक थेंब काचेवर वाळवून पाहा.