ताण आणि विझणे

मार्चअखेरीस बँकेच्या शाखेत रात्री उशिरापर्यंत हिशेब जुळविणारा, मधूनच चिडणारा कारकून शाखाधिकाऱ्याच्या नजरेत भरतो. त्याच्यावर ताण असतो. परंतु हिशेब जुळावा ही तळमळ शाबूत असते. एप्रिलात चार दिवसांची रजा मिळाली की तो सावरतो.

खरी चिंता वाटावी ती दुसऱ्याची. हा वेळेवर येतो, वाद घालीत नाही, चूक दाखविली तर ‘बरं’ म्हणतो; खातेदार त्याच्या लेखी केवळ एक क्रमांक उरलेला असतो. साहेब मात्र त्याला शांत स्वभावाचा समजतात!

हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ साली या अवस्थेला ‘बर्नआउट’ म्हटले, ते न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यातील ध्येयवादी स्वयंसेवकांना पाहून. विझतो तो बहुधा एके काळी पेटलेला माणूस. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तिची तीन लक्षणे नोंदविली: शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी दुरावा किंवा तुच्छता आणि घटलेली कार्यक्षमता. संघटना तिला आजार मानीत नाही, नोकरीतून उद्भवणारी अवस्था मानते. म्हणूनच केवळ रजा पुरत नाही. परतल्यावर टेबल तेच असते आणि अधिकारही तितकेच शून्य. रजेनंतरही तो तितकाच गप्प असेल, तर साहेबांनी कामाची वाटणी तपासावी आणि तीत त्यालाही बोलू द्यावे.