घटस्थापना आणि गर्भाशयाची गाठ

नवरात्रात घरोघरी घट बसतो, त्यातील रुजत्या धान्यात आपण सृजनाचे रूप पाहतो. देवळाच्या अंतर्भागासही गर्भगृह म्हणतो. मात्र गृहलक्ष्मीच्या गर्भाशयाचे दुखणे उच्चारताना संकोचतो. हा संकोच शास्त्राचा नव्हे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात केवळ स्त्रियांस होणारा रक्तगुल्म स्वतंत्रपणे सांगितला आहे. तो आणि आजचे फायब्रॉइड एकच, असे मात्र आम्ही म्हणत नाही.

फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूंत वाढणारी गाठ. ती बहुधा कर्करोगाची नसते. कित्येकींना तिचा त्रासही होत नाही. परंतु अतिस्राव, सात दिवसांहून लांबणारी पाळी, ओटीपोटात जडपणा, वारंवार लघवीस होणे, ही सोसत बसण्याची लक्षणे नव्हेत. रक्त जाऊन पांडुरोग जडतो. हिमोग्लोबिन १२ ग्रॅमखाली उतरलेल्या माउलीने नऊ दिवस केवळ पाण्यावर काढावेत, हे आम्हांस व्रत वाटत नाही.

निदान सोनोग्राफीने होते. प्रत्येकीचे गर्भाशय काढावे लागते, ही भीती निराधार आहे. औषधे आहेत, केवळ गाठ काढण्याची शस्त्रक्रियाही आहे. सासूबाईंनीच सुनेस डॉक्टरांकडे न्यावे. आणि सणासाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या परस्पर दुकानातून आणू नयेत. रक्तात गुठळ्या होण्याची प्रवृत्ती असलेल्या स्त्रीस त्या घातक ठरू शकतात.