पिस्टनखालचा वारा

पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामधली फट बुजवायला रिंगा असतात, आणि गंमत म्हणजे प्रत्येक रिंग मुद्दाम कापलेली असते. तापल्यावर ती फुगते. टोकांना जागा उरली नाही तर ती एकमेकांना भिडून रिंग मोडते. म्हणून तिथे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास फट सोडावीच लागते. त्याहून नवलाची गोष्ट वेगळीच. रिंगेला भिंतीशी घट्ट दाबून धरतो तो मुख्यतः पेटलेल्या वायूचाच दाब! वायू रिंगेमागच्या खाचेत शिरतो, तिला बाहेर रेटतो आणि स्वतःचीच वाट अडवतो.

पूर्ण मात्र अडवत नाही. मिनिटाला ६००० फेऱ्या घेणाऱ्या चार सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला २०० वेळा इंधन पेटतं, आणि दर वेळी थोडा वायू खाली क्रँककेसमध्ये निसटतो. हाच ब्लो-बाय. त्यात न जळलेलं पेट्रोल असतं, पाण्याची वाफ असते, आम्लं तयार करणारे वायू असतात. पूर्वी एक नळी गाडीखाली सोडून हे सगळं रस्त्यावर सोडून देत. लॉस एंजेलिस धुरक्याने गुदमरलं, तेव्हा १९६१च्या मॉडेलांपासून कॅलिफोर्नियात हा वायू परत इंजिनात ओढून जाळायची सोय आली. हवा आत नेणाऱ्या मॅनिफोल्डमधली ओढ आणि स्प्रिंगवरचा एक छोटा व्हॉल्व्ह, बस्स.

इंजिनात हवा दाबून भरणारा सुपरचार्जर आला की हा हिशेब उलटतो. पेडल दाबलं की मॅनिफोल्डमध्ये ओढ राहत नाही, उलट बाहेरच्या हवेहून जास्त दाब तयार होतो. मधला एकमार्गी व्हॉल्व्ह नीट मिटला नाही तर तीच हवा क्रँककेसमध्ये घुसते, ऑइल सील गळू लागतात, कधी डिपस्टिकसुद्धा वर उचलली जाते. आणि व्हॉल्व्ह मिटला तर? ब्लो-बाय सर्वांत जास्त असतो नेमक्या त्याच क्षणी वाट बंद! (त्यातच सुपरचार्जरच्या इंजिनात रिंगा जास्त तापतात, म्हणून त्यांची फटही जरा मोठी ठेवतात.) त्या क्षणी ब्लो-बायला वाट द्यायला दुसरी नळी लागते: एअर फिल्टरच्या पुढे, सुपरचार्जरच्या आधी. तिथे हवा जितकी जोरात ओढली जाते तितकी ओढ वाढते. म्हणजे गरज वाढली की उपायही आपोआप वाढतो. माझ्या मते सगळ्या मांडणीतली सर्वांत देखणी गोष्ट हीच.

अडचण तेलाची. वायूबरोबर तेलाचं धुकंही येतं, इंटरकूलरला आतून लेप देतं आणि मिश्रणात मिसळलं की नॉकिंगला, म्हणजे मिश्रण आपोआप भडकण्याला, बळ देतं. म्हणून वाटेत कॅच कॅन बसवतात. आत आडव्या पट्ट्या आणि तारेची जाळी असते. घाटात एसटीने झपकन वळण घेतलं की प्रवासी खिडकीवर आदळतात, तसे तेलाचे जड थेंब वळणावर जाळीला चिकटतात आणि हलका वायू पुढे निघून जातो. थंडीत हा डबा उघडला तर कॉफीसारखं दुधाळ पाणी निघतं. तेल आणि वाफ एकत्र फेसाळलेले असतात. डबा नुसता बसवून भागत नाही, वेळेवर रिकामाही करावा लागतो.

आपल्याकडच्या प्रदूषणाच्या नियमांनुसार हा वायू हवेत सोडता येत नाही. शर्यतीच्या गाड्या तर त्याच्याही पुढे जातात. त्यांच्यात पंप लावून क्रँककेसमधला दाब बाहेरच्या हवेहून कमी करतात. मग कमी ताणाच्या, पातळ रिंगाही नीट बसतात, घर्षण घटतं आणि थोडी ताकद वाढते.